तार नेमकी कुठे 'बसते'? यील्ड, मिसेसबाबा आणि इलॅस्टिकची हद्द

उचापती_२

मंडळी, दोन दिवस डोक्यात भुंगा आहे म्हणून धागा काढतोय. शिकलो मेकॅनिकल, पण गेली काही वर्षं ड्रॉइंग आणि एक्सेल एवढंच माझं जग, आणि आता अचानक एका ब्रॅकेटचं ॲनालिसिस गळ्यात पडलंय. सॉफ्टवेअरनं छान रंगीत चित्र काढून दिलं. सगळीकडे निळं-हिरवं आणि आतल्या कोपऱ्यात एक लालभडक ठिपका, व्हॉन मिसेस स्ट्रेस ३१० मेगापास्कल. मटेरियल साधं माइल्ड स्टील, यील्ड (म्हणजे ज्या स्ट्रेसला वाकणं कायमचं राहायला लागतं) २५०. मी म्हटलं गेलं हे कामातून, तर शेजारच्या टेबलावरचे सीनियर मान वर न करता म्हणाले, काही होत नाही त्याला. आणि खरंच, तसलेच ब्रॅकेट आधीपासून वापरात आहेत आणि कुणी वाकलेलं नाहीये.

आता प्रश्न. टेस्ट करताना आपण सळई एकाच दिशेनं ओढतो आणि २५० ला यील्ड झाली म्हणतो. ब्रॅकेटच्या त्या कोपऱ्यात मात्र तीन दिशांना ओढाताण, वर तीन शिअर (थर एकमेकांवरून घसरवणारे स्ट्रेस), असे सहा आकडे. त्यांचा हा मिसेसबाबा एकच आकडा करतो, तो कुठल्या अधिकारानं? आणि यील्डची रेष म्हणजे खरंच रेष आहे का, म्हणजे २४९ ला सगळं मजेत आणि २५१ ला संपलं, असं?

शाळेतलं 'स्थितिस्थापकता' प्रकरण आठवतंय, पण त्यातला शब्द सोडून काही आठवत नाही.

गणिताचीभीती

वाचतेय. वाचनखूण साठवली. प्रतिबल (स्ट्रेस) आणि विकृती (स्ट्रेन, मूळ लांबीच्या मानानं झालेली वाढ) हे दोन शब्द ऐकले की मला अजून परीक्षेच्या स्वप्नात गेल्यासारखं होतं.

चाचणीघर

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण त्यातच माझी हयात गेली.

माइल्ड स्टीलची सळई यूटीएमवर (ओढून तपासायच्या मशीनवर) लावली की सुरुवातीला काहीच बघण्यासारखं नसतं. जुन्या डायलच्या मशीनवर सुई चढत जाते, चढत जाते आणि एका जागी दचकल्यासारखी किंचित मागे येते. मग तिथंच थरथरत राहते, लोड वाढतच नाही पण सळई मात्र लांब होतेय. त्या वेळी सुई सोडून सळईकडे बघायचं. भट्टीतून आलेल्या सळईवर जी काळी खपली असते ती तडकायला लागते, एका टोकाकडून सुरू होते आणि साधारण ४५ अंशाच्या तिरप्या रेघांत पुढं सरकत जाते, खाली कागद ठेवला तर त्यावर काळा भुगा पडतो. सळई पूर्ण लांबीत एकदम यील्ड होत नाही, पट्टा पट्टा करून होते. यांना ल्यूडर्स बँड म्हणतात. सगळी सळई अशी 'व्यापून' झाली, म्हणजे एक-दोन टक्के ताणली गेली, की मग सुई परत चढायला लागते.

तर माइल्ड स्टीलला खरोखरच पायरी आहे, वरचा यील्ड आणि खालचा यील्ड दोन्ही दिसतात. पण ही पायरी म्हणजे अपवाद आहे हो! ॲल्युमिनियम लावा, तांबं लावा, कडक केलेलं स्टील लावा, आलेख नुसता हळूहळू वळतो. कुठून वळला ते तुम्ही दाखवा, मी दाखवतो, दोघांची बोटं वेगळ्या ठिकाणी पडणार. म्हणून ०.२ टक्क्याचा करार. आडव्या अक्षावर ०.२ टक्के विकृती घ्यायची, तिथून सुरुवातीच्या सरळ रेषेला समांतर रेष काढायची, ती जिथं आलेखाला कापते तो प्रूफ स्ट्रेस. म्हणजे भार काढल्यावर हजारात दोन इतकी वाढ कायमची राहिली तर आपण सगळे मिळून तिला यील्ड म्हणायचं ठरवलंय. निसर्गानं नाही ठरवलं, आपण ठरवलंय. अचूक उपकरणं बनवणाऱ्यांना हे परवडत नाही, ते दहा लाखात एक इतकी कायमची विकृती कधी येते ते मोजतात आणि तो आकडा बराच खाली असतो.

तेव्हा २४९ आणि २५१ चं उत्तर तुमच्या मोजपट्टीच्या बारकाईवर आहे.

जुनाफिटर

+१. ब्रेकप्रेसवर ज्यानं पत्रा वाकवलाय त्याला हे पुस्तक न वाचता माहीत असतं. ९० अंशाला वाकवायचा म्हणून ९० लाच थांबलात तर सोडल्यावर तो ९२-९३ वर येऊन बसतो. म्हणून दोन-तीन अंश जास्त दाबायचा. पत्रा जेवढा कडक तेवढा जास्त उसळतो. यील्ड झाला तरी त्यातला इलॅस्टिक भाग परत येतोच, तो कुठं जात नाही.

रेषेवरची

जुनाफिटर, तुमच्या 'जेवढा कडक तेवढा जास्त उसळतो' वर एक छोटं गणित टाकते, कारण इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. लोकांना वाटतं स्प्रिंग स्टील साध्या स्टीलपेक्षा जास्त 'ताठ' असतं. नसतं. दोघांचाही यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, साधारण २०० गिगापास्कलच. त्याच मापाच्या दोन पट्ट्या त्याच वजनानं सारख्याच वाकतात. फरक फक्त कुठपर्यंत वाकून परत येतात त्यात.

अर्धा मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या. गोल वाकवली की बाहेरच्या कातडीची विकृती म्हणजे अर्धी जाडी भागिले त्रिज्या. माइल्ड स्टील २५० ला यील्ड होतं, म्हणजे विकृती ०.००१२५. त्रिज्या आली २०० मिमी. म्हणजे त्याहून घट्ट वाकवलीत की पट्टीला बाक राहणार. स्प्रिंग स्टीलचा यील्ड १००० धरा, विकृती ०.००५, त्रिज्या ५० मिमी. तीच जाडी, तोच ताठपणा, पण ही मुठीएवढ्या गोलातून सरळ होऊन परत येते आणि ती थाळीएवढ्या गोलातच बसते.

स्टीलची इलॅस्टिक हद्द किती चिमुकली आहे बघा, एक मीटरची माइल्ड स्टीलची सळई सव्वा मिलिमीटर ओढली की संपली.

भोचक_भुंगा

मग रबर? ते तर दुप्पट-तिप्पट ताणून परत येतं. त्याला हूकचा नियम लागत नाही ना? मग ते इलॅस्टिक कसं? इलॅस्टिक म्हणजे सरळ रेष असं सरांनी शिकवलेलं.

रेषेवरची

सरांना नमस्कार सांगा, पण इलॅस्टिक म्हणजे परत येणं, सरळ रेषेत परत येणं असं नाही. रबर वाकड्या रेषेनं जातं आणि जवळपास तसंच वाकड्या रेषेनं येतं. हूकनं १६७८ मध्ये जे छापलं, 'जेवढा ताण तेवढं बळ', ते छोट्या विकृतीपुरतं खरं आहे. (अवांतर: त्याआधी दोन वर्षं, १६७६ मध्ये, त्यानं हा नियम अक्षरांची खिचडी करून कोड्यासारखा छापला होता, दुसऱ्या कुणी ढापू नये म्हणून. तेव्हाही मंडळी अशीच होती.)

उचापती_२

भारी चाललंय, पण माझे सहा आकडे कुठं गेले?

रेषेवरची

आलेच.

आधी धातू वाकतो तेव्हा आत काय होतं ते बघू. अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. खपलीच्या रेघा ४५ अंशात का पडल्या? सरळ ओढलेल्या सळईत शिअर सगळ्यात जास्त ४५ अंशाच्या पातळीवर असतो म्हणून. ओढताय सरळ, घसरतंय तिरपं. म्हणजे धातूला तुम्ही किती ओढता याच्याशी देणंघेणं नाही, थर घसरवायला किती जोर लावता याच्याशी आहे.

हे धरून ट्रेस्का या फ्रेंच इंजिनिअरनं १८६४ मध्ये मांडलं की सगळ्यात मोठा शिअर एका ठराविक आकड्याला पोचला की यील्ड. हिशोब सोपा, तीन मुख्य स्ट्रेसपैकी (ज्या तीन दिशांना नुसती ओढ किंवा दाब असतो, शिअर नसतो, त्या दिशांचे स्ट्रेस) सर्वात मोठा वजा सर्वात छोटा, हा फरक यील्डएवढा झाला की संपलं. मधला कितीही असो, तो ट्रेस्काच्या खिजगणतीत नाही.

आता तुमचे मिसेस. ते म्हणतात मधल्यालाही विचारा. तिघांतले तीनही फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा, निम्मे करा, वर्गमूळ घ्या. आलेला आकडा सळईच्या यील्डशी ताडा. बस, तो एक आकडा म्हणजे 'हा सगळा गोंधळ नुसत्या सरळ ओढीत किती ओढीच्या बरोबरीचा' एवढंच. तो स्ट्रेस तुमच्या ब्रॅकेटमध्ये कुठल्याही दिशेनं खरा अस्तित्वात असेलच असं नाही.

उदाहरण. एका दिशेनं २०० ओढ, काटकोनात १०० दाब, तिसरीकडे शून्य. एकही आकडा २५० च्या वर नाही. मिसेस काढा, फरक ३००, २०० आणि १००, वर्गांची बेरीज १,४०,०००, निम्मे ७०,०००, त्याचं वर्गमूळ साधारण २६५. यील्ड झालं. आता दोन्ही दिशांना २०० ओढ. मिसेस २००. सुरक्षित! आणि तिन्ही बाजूंनी १००० दाब दिलात तर मिसेस शून्य.

भोचक_भुंगा

थांबा थांबा. १००० दाब आणि शून्य? चारी बाजूंनी चेचताय आणि त्याला काहीच होत नाही?

रेषेवरची

चेचत नाहीये मी, सगळीकडून सारखं दाबतेय. चेचणं म्हणजे एकीकडून दाबून दुसरीकडून पळायला वाट देणं. सगळीकडून सारखा दाब असला की थरानं घसरायचं कुठं? आकारमान किंचित कमी होतं, सोडलं की परत. ब्रिजमननं प्रचंड दाबाखाली धातू ओढून बघितले, त्याला उच्च दाबावरच्या कामासाठी १९४६ चं नोबेल मिळालं. त्या दाबानं धातूंच्या यील्डमध्ये फारसा फरक पडत नाही, उलट तुटायच्या आधी ते जास्त ताणले जातात.

मातीकाम

हे फक्त धातूंपुरतं हं! आमच्याकडे हाच नियम लावलात तर भिंत अंगावर येईल.

वाळू, माती, खडक, काँक्रीट यांना सगळीकडून दाबलं की त्यांची ताकद वाढते, कारण तिथं घसरण्याला घर्षण आडवं येतं आणि दाब वाढला की घर्षण वाढतं. करून बघा. फुग्यात कोरडी वाळू भरा, नुसती लोळागोळा. आता तोंडानं आतली हवा ओढून घ्या (वाळू ओढू नका, मी एकदा ओढलीय). फुगा विटेसारखा कडक होतो. वाळू तीच, फक्त बाहेरच्या हवेनं तिला सगळीकडून आवळलं. हे कुलोंबनं १७७३ मध्येच मांडलं, म्हणजे ट्रेस्काच्या जवळपास ९० वर्षं आधी. विजेचा म्हणून ज्याला सगळे ओळखतात तोच कुलोंब, मूळचा बांधकामाचा लष्करी इंजिनिअर.

आमच्यात चालतं ते मोर-कुलोंब, किंवा त्याचे कोपरे घासलेला ड्रकर-प्रागर, तो १९५२ चा.

गणिताचीभीती

'कोपरे घासलेला' म्हणजे? इथं भूमिती कुठून आली? मला आतापर्यंत चक्क समजत होतं.

मातीकाम

घाबरू नका. तीन मुख्य स्ट्रेस म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तीन कडा समजा. खोलीतला प्रत्येक बिंदू म्हणजे एक स्ट्रेसची अवस्था. त्या कोपऱ्यातून एक काठी अशी रोवा की तिन्ही कडांशी सारखा कोन होईल. काठीवर तिन्ही स्ट्रेस सारखे, म्हणजे सगळीकडून सारखा दाब नाहीतर सारखी ओढ. आता काठीभोवती एक पाइप घाला. पाइपच्या आत इलॅस्टिक, भिंतीला टेकलात की यील्ड. मिसेसचा पाइप गोल. ट्रेस्काचा षटकोनी, त्याच गोलात आतून बसलेला. काठीच्या दिशेनं कितीही पुढं गेलात तरी भिंत लागतच नाही, रेषेवरचींनी सांगितलेलं १००० दाबाचं उदाहरण ते हेच. मातीत मात्र पाइप नसून शंकू असतो, दाबाकडे रुंदावत जाणारा आणि ओढीकडे लगेच टोकाला येऊन संपणारा, कारण वाळूला ओढून दाखवा बघू!

गणिताचीभीती

समजलं!! काठी आणि पाइप. हे एवढं का नाही सांगत वर्गात.

चाचणीघर

गोल आणि षटकोन यात फरक किती ते पण लिहून ठेवा. जास्तीत जास्त १५ टक्के, आणि तो नुसत्या पिळात येतो. शाफ्टला १४० मेगापास्कल शिअर आहे समजा. ट्रेस्का म्हणतो २८०, गेला. मिसेस म्हणतो १४० गुणिले १.७३२, साधारण २४२, आहे अजून. बरोबर कोण? १९३१ मध्ये टेलर आणि क्विनीनं पातळ नळ्या एकाच वेळी ओढून आणि पिळून तपासलं, तांबं, ॲल्युमिनियम, माइल्ड स्टील. बिंदू दोन्हींच्या मध्ये पण मिसेसच्या जवळ पडले. तरी सावध डिझाइनवाला ट्रेस्का घेतो, कारण तो नेहमी आतल्या बाजूला राहतो.

गंमत अशी की मिसेसनं १९१३ मध्ये गोल घेतला त्यात गणिताची सोय हा मोठा भाग होता, षटकोनाचे कोपरे नको होते. आणि हीच अट हुबरनं १९०४ मध्येच लिहिली होती, पण पोलिश भाषेत, त्यामुळे बाहेर फार कुणी वाचली नाही. त्याच्याही आधी मॅक्सवेलनं १८५६ च्या एका पत्रात हीच कल्पना लिहून ठेवलेली. आकारमान बदलायला लागणारी ऊर्जा बाजूला काढा, आकार बिघडवायला लागणारी तेवढी मोजा, हा अर्थ हुबरकडे होता, मिसेसनं दिला नव्हता. नाव मात्र मिसेसचं झालं.

जुनाफिटर

खडूचा प्रयोग कुणी सांगितला नाही अजून. खडू दोन्ही टोकांना धरून पिळा. तुटतो तो जिन्यासारखा वळत ४५ अंशात. माइल्ड स्टीलची सळई पिळून तोडली तर सपाट तुटते, आडवी, करवतीनं कापल्यासारखी. खडू ओढीनं फाटला आणि सळई शिअरनं घसरून गेली. पीळ तोच. म्हणून खडू, बीड असल्या ठिसूळ मालाला मिसेस लावू नका, तिथं सगळ्यात मोठी ओढ बघायची.

भोचक_भुंगा

करून बघितलं आत्ता, चार खडू फुकट घालवले, तीन वेळा जिना आला. चौथा वाकून तुटला, हात सरळ नव्हता. पण एक सांगा, थर घसरायला एवढा कमी जोर कसा पुरतो? अणू तर घट्ट धरून असतात ना?

रेषेवरची

हा प्रश्न १९२६ मध्ये फ्रेंकेलला पडला. अख्खा थर एका झटक्यात सरकवायचा तर किती शिअर लागेल याचा त्यानं अंदाज काढला, शिअर मॉड्युलस (घसरण्याविरुद्धचा ताठपणा) भागिले साधारण सहा. लोखंडाला ८० गिगापास्कल धरले तर येतात १२-१३ हजार मेगापास्कल. प्रत्यक्षात माइल्ड स्टील दीडशेच्या आत घसरतं. जवळपास शंभरपट फरक! १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी तिघांनी वेगवेगळं एकच उत्तर दिलं, डिसलोकेशन. अख्खा थर एकदम सरकतच नाही, रचनेत एक चूक असते, ती सुरकुतीसारखी पुढं पुढं जाते. सतरंजीचं उदाहरण सगळेच देतात, मीही देते, दुसरं एवढं चांगलं सापडलं नाही मला. अख्खी सतरंजी ओढायला जोर लागतो, एका कडेला सुरकुती पाडून ती पुढं ढकलली की सहज सरकते.

चाचणीघरवाल्यांच्या सुईचं दचकणं पण यातच आहे. माइल्ड स्टीलमधले कार्बन-नायट्रोजनचे अणू या सुरकुत्यांपाशी गोळा होऊन त्यांना धरून ठेवतात. सुटायला जास्त जोर लागतो, एकदा सुटल्या की कमी पुरतो.

चाचणीघर

आणि म्हणूनच एक मजा होते. सळई यील्डच्या पुढं ओढून भार काढा आणि लगेच परत ओढा, दचकणं गायब, आलेख गुळगुळीत. तीच सळई काही आठवडे ठेवून द्या किंवा उकळत्या पाण्यात थोडा वेळ घाला, मग ओढा. सुई पुन्हा दचकते, तेही आधीपेक्षा वरच्या आकड्याला. अणू परत येऊन बसलेले असतात.

आता मुद्द्याचं, म्हणजे हद्द एका जागी राहत नाही. ओढलं की पुढं सरकते. आणि एकीकडे पुढं सरकली की उलटीकडे मागे येते, ओढून यील्ड केलेली सळई दाबलीत तर २५० च्या आधीच बसते. याला बाउशिंगर इफेक्ट म्हणतात. मातीकाम यांच्या भाषेत पाइप नुसता रुंद होत नाही, जागेवरून सरकतो पण.

उचापती_२

आता माझा लाल ठिपका घ्या ना कुणीतरी, सीनियर जेवायला गेलेत तोवर मला शहाणं व्हायचंय.

चाचणीघर

तुमचं ॲनालिसिस लिनियर आहे ना? मग सॉफ्टवेअरला यील्ड माहीतच नाही. त्याच्या लेखी स्टील ३१० ला पण सरळ रेषेत, ३००० ला पण. खऱ्या कोपऱ्यात २५० च्या आसपास पोचल्यावर तेवढा कण बसतो आणि वरचा भार शेजाऱ्यांवर टाकतो. शेजारी अजून इलॅस्टिक असतात, ते त्याला फार हलू देत नाहीत. भार काढला की शेजारी परत येताना त्या कोपऱ्याला दाबून धरतात, आत उरलेला दाब तयार होतो, आणि पुढच्या वेळी तोच भार आला तर कोपरा इलॅस्टिकच राहतो. ३१० हा आकडा दुप्पट यील्डच्या, म्हणजे ५०० च्या आत आहे तोवर हे चालतं. आणि असं नसतं तर भोक पाडलेली पट्टी कुणी वापरलीच नसती, गोल भोकाच्या कडेला तिप्पट स्ट्रेस असतो, हे किर्शनं १८९८ मध्येच काढून ठेवलंय.

नुसत्या वाकण्यात सुद्धा असंच. चौकोनी बारची बाहेरची कातडी यील्ड झाली तरी पूर्ण छेद यील्ड व्हायला दीडपट मोमेंट (वाकवणारा जोर) लागतो.

पण त्याआधी एक विचारतो, तो कोपरा मॉडेलमध्ये अगदी धारदार काढलाय का? तसं असेल तर जाळी (सॉफ्टवेअर मॉडेलचे जे छोटे तुकडे पाडतं ते) निम्म्या मापाची करून बघा.

उचापती_२

केलं. ३१० चे ४१८ झाले!! अजून बारीक केली तर ५४०. हे काय?

चाचणीघर

धारदार आतल्या कोपऱ्यात सिद्धांतानं स्ट्रेस अनंत असतो. जाळी जेवढी बारीक तेवढे तुम्ही अनंताकडे चाललात. तुमचे ३१० हा ब्रॅकेटचा आकडा नव्हताच, जाळीचा होता, आणि मघाचा माझा ५०० चा हिशोबही त्या आकड्यावर मांडून उपयोग नाही. ड्रॉइंगवर तिथं रेडियस आहे का बघा.

उचापती_२

आहे. ३ मिमी. मीच मॉडेल सोपं करायला उडवला होता. (कृपया हसू नये.) परत घातला, आता जाळी कितीही बारीक करा, २३६-२३८ वर ठाम. सीनियर आले, त्यांनी बघितलं, म्हणाले "सांगितलं होतं". म्हणजे २५० च्या आत, विषय संपला ना?

जुनाफिटर

ब्रॅकेटवर भार एकसारखा टांगलेला आहे की मशीन धडधडतंय?

उचापती_२

धडधडतंय.

जुनाफिटर

मग नवा धागा काढ बाबा. फटीगला, म्हणजे भार परत परत आला की, यील्डच्या आत राहूनही चिरा पडतात.